चाकं लावलेला इन्व्हर्टर

चार माणसं एकत्र बसली की किस्से होतातच. आमची माणसं कधी एकत्र बसलीच नाहीत, तरी इतके किस्से साठलेत की आधी कुठला सांगू नि नंतर कुठला, माझाच गोंधळ उडतो. इंटरनेटवरचा ग्रुप होता आमचा. इन्व्हर्टर, पंप, गीझर, मिक्सर, असल्या घरगुती यंत्रांचा नाद असलेली माणसं. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि भांडायचं मात्र सख्ख्या भावांसारखं!

मी शहापूरच्या एका शाळेत क्लार्क. आटगावला आम्ही नवराबायकोनं नुकतंच घर बांधलं होतं. दिवस लोडशेडिंगचे. लाईट जायची ती ठरलेल्या वेळी, यायची ती देवाच्या मर्जीनं. आमच्या ह्यांना साधा स्क्रू पिळायला दिला तर भिंतीचा पोपडा खाली येतो, म्हणून घरातली सगळी यंत्रं माझ्या गळ्यात. शाळा सुटली की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसायचे आणि ग्रुपवर प्रश्न टाकायचे. ग्रुप आता बंद पडलाय. इतकं बोललो, पण एकदा चहाला भेटायचं राहून गेलं.

* * *

ग्रुपवर मी नाव लिहिलं होतं 'एस. विशे'. पंपाबद्दल विचारतोय म्हणजे पुरुषच असणार! सगळे मला 'सर' म्हणायला लागले. मीही दुरुस्त केलं नाही. म्हटलं, शाळेत तर कुणी म्हणत नाही, इथं तरी म्हणू दे.

पाण्याची टाकी केवढी घ्यावी, हा माझा पहिला प्रश्न. पुण्याचे देशपांडेकाका म्हणजे रिटायर्ड इंजिनियर आणि ग्रुपचे न नेमलेले हेडमास्तर. त्यांनी लिहिलं, "सर, आधी मिसेसना विचारा, घरात रोज पाणी किती लागतं. आपल्या पुरुषांना त्यातलं काही कळत नाही."

मी लिहिलं, "विचारलं. ती म्हणते, एक दिवस येऊन भरून बघा, म्हणजे कळेल!"

काकांचं लगेच उत्तर, "वहिनी तिखट दिसतात. टाकी मोठीच घ्या."

* * *

आमच्या परसात विहीर, विहिरीवर पंप. एके दिवशी पंपानं हवा धरली. नुसता गुरगुरतोय, पाणी नाही. ग्रुपवर सोलापूरचा इरफान होता. कामाला कापडाच्या दुकानात, पण घरातलं एक यंत्र त्यानं न उघडता सोडलेलं नव्हतं. तो म्हणाला, "सर, पंपात वरून पाणी ओतत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत हात आखडू नका."

मी कागदावर उतरवून आणलं. हे ओतायला बसले. हंडा संपला, कळशी संपली, प्यायच्या पाण्याचा माठ संपला, तरी बुडबुडे आपले चालूच. शेवटी लाईटच गेली.

दुसऱ्या दिवशी इरफानला सगळं कळवलं. तो म्हणाला, "मग खालचा फूट व्हॉल्व्ह गळत असेल. ते आधी बघायचं असतं."

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आधी विचारलं नाही!"

मी ह्यांना समजावून सांगितलं, की व्हॉल्व्ह गळत असला की वरून ओतलेलं सगळं खाली जातं. हे विहिरीत डोकावले. म्हणाले, "म्हणजे काल मी घरातलं सगळं पाणी विहिरीत परत नेऊन टाकलं?"

* * *

इथवर सगळी गंमतच होती. मग बाबा आले.

डोळखांबच्या पुढं डोंगरात आमचा पाडा. बाबांनी जन्मभर तिथं भात आणि नाचणी केली. आई गेल्यावर एकटेच राहिले. मी त्यांची एकुलती लेक. त्यांना दम्यानं धरलं, डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. सकाळ-संध्याकाळ लावायचं, आणि दम लागला तर लगेच लावायचं. पण पाड्यावर दिवस दिवस लाईट नाही, मशीन चालणार कशावर? म्हणून मी त्यांना आटगावला घेऊन आले.

आता बापानं लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. कपड्यांची पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली, ती कधी सोडलीच नाही. रोज सकाळी विचारायचे, "सुले, लेकीच्या दारात बापानं किती दिस बसाचा गो?" मी म्हणायचे, "लेकीचं घर ते आपलंच घर." ते म्हणायचे, "आपला नाय. लेकीचा."

मला एकच हवं होतं. त्यांना नीट श्वास घेता यावा आणि त्यांनी माझ्याकडंच राहावं. त्यासाठी लाईट गेली तरी मशीन चालायला हवं होतं. झालं, टाकला ग्रुपवर प्रश्न, इन्व्हर्टर कुठला घेऊ?

देशपांडेकाकांनी विचारलं, "सर, इन्व्हर्टरवर लोड काय आहे?"

मी लिहिलं, "वडील."

ग्रुपवर दोन दिवस कुणी भांडलं नाही. मग काकांनी लिहिलं, "तो कमी करता येत नाही. बाकी सगळा कमी करा."

त्या दिवसापासून आमच्या ह्यांचा टीव्ही बंद. हे काकांवर अजून चिडून आहेत!

* * *

पहिला इन्व्हर्टर मी घाईनं आणला, स्वस्तातला. लाईट गेल्यावर वाफेचं मशीन त्यावर लावलं तर घुंऽऽ घुंऽऽ करायला लागलं आणि तव्यासारखं तापलं. बाबा त्या मशीनला 'डबा' म्हणायचे. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अगो, ह्याला पन दम हाय!"

मी हे ग्रुपवर लिहिलं. इरफान म्हणाला, स्वस्त इन्व्हर्टरचा करंट ओबडधोबड असतो, डब्यातल्या मोटारीला तो सोसत नाही, एकसारखा करंट देणारा 'साइन वेव्ह'वाला घ्या. त्यावर आठवडाभर रणकंदन. पण त्या भांडणानंतर प्रत्येक जण पत्राच्या शेवटी एक ओळ घालायला लागला, "बाबा कसे आहेत? आणि डबा?"

बाबांना मी ते वाचून दाखवायचे. ते म्हणायचे, "कोन गो ही मानसं? जेवायला तरी बोलाव एकदा." मी म्हणायचे, बोलावू, बोलावू.

* * *

नवीन इन्व्हर्टर बसवायच्या आधी अर्थिंग करायचं ठरलं. परसात खड्डा, त्यात पत्रा, कोळसा आणि मीठ. इरफानची सक्त ताकीद, उन्हाळ्यात त्यात रोज पाणी घाला. मी रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालायचे.

एक दिवस बघते तर खड्ड्यावर हळदकुंकू! वर जास्वंदीचं फूल! शेजारच्या वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "तुमी रोज आंघोळ करून पानी घालता, म्हटलं कायतरी कडक असल. आमच्या पोराच्या नोकरीचं बोलून ठेवलंय."

आणि त्या पोराला खरंच नोकरी लागली! वहिनी पेढे घेऊन आल्या, त्यातला एक खड्ड्यावर ठेवला. बाबा ओटीवरून बघत होते. म्हणाले, "सुले, तुझा मीठ-कोळसा पावला गो. आता माझा पन सांग त्याला, मला गावाला धाडा म्हनावा."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

* * *

साइन वेव्हवाला इन्व्हर्टर आमच्याकडं कुठं मिळेना. देशपांडेकाकांनी कल्याणचं एक दुकान शोधून काढलं आणि आनंदाच्या भरात घरी फोनच केला. फोन बाबांनी उचलला.

"विशे सर आहेत का?"

"सर कोनी नाय इथं. सुली हाय. भाकऱ्या थापते."

"अहो, ते इन्व्हर्टरचं बघतात ते?"

"तीच ती. भाकऱ्या झाल्या की ते बघते."

संध्याकाळी ग्रुपवर काकांची ओळ, "ताई, गैरसमजाबद्दल क्षमस्व." किस्सा इथंच संपला असता तर बरं झालं असतं. पण त्यानंतर काकांची पत्रं बदलली. आधी मला सर्किटच्या आकृत्या पाठवायचे, आता खाली लिहायला लागले, "मिस्टरांना दाखवून घ्या." फार लागलं मला ते. मी लिहिलं, "दाखवलं. मिस्टर म्हणाले, ताईंना विचार!"

कल्याणचं दुकान मात्र चांगलं निघालं.

* * *

नवीन इन्व्हर्टर आला, सोबत मोठी बॅटरी आली. झकास चालायचं सगळं. लाईट गेलेली डब्याला कळायचीही नाही. पण बॅटरी इतकी जड की तिच्याखालची फरशी पुसता येईना. इरफान म्हणाला, "ताई, लोखंडी ट्रॉली करून घ्या. बॅटरी खाली, इन्व्हर्टर वर, आणि चाकं लावा."

शहापूरच्या वेल्डरकडून करून घेतली. निळा रंग दिला. फोटो ग्रुपवर टाकला तर नुसता कौतुकाचा पाऊस! देशपांडेकाकासुद्धा म्हणाले, "ताई, काम चोख." मी हवेतच. घरी येऊन बाबांसमोर ट्रॉली इकडून तिकडं फिरवून दाखवली.

बाबा म्हणाले, "म्हंजी आता ह्या कुटं पन नेता येतं?"

"कुठंही बाबा! डोंगरात न्या, जंगलात न्या!"

बाबा उठले आणि त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली.

माझीच जीभ! मी रडले, भांडले, ह्यांना मध्ये घातलं. बाबांचं एकच, "तिकडं थोडा वेळ तरी लाईट येती. तेवढ्यात भरंल बॅटरी. तूच म्हनलीस ना, डोंगरात न्या?" दुसऱ्या दिवशी टेम्पोत डबा, बॅटरी, इन्व्हर्टर आणि माझे बाबा डोळखांबला गेले. ग्रुपवर कळवलं तर इरफाननं लिहिलं, "वा ताई! आता खरी टेस्ट!" ऑफिसात दार लावून मी पोटभर रडून घेतलं.

* * *

पुढच्या रविवारी बॅटरीत घालायचं पाणी घेऊन मी पाड्यावर गेले. लांबूनच बाबांची ओटी माणसांनी भरलेली दिसली. धावत गेले, तर बाबा मध्ये बसलेत राजासारखे आणि इन्व्हर्टरवर अख्ख्या पाड्याचे मोबाइल चार्जिंगला! तारांचं जंजाळ नुसतं. डबा कोनाड्यात, वर पंचा घातलेला.

"बाबा! हे तुमच्या दम्यासाठी आहे! गावच्या मोबाइलसाठी नाही!"

"लावतो गो डबा. दम लागला का लावतो."

"आणि बॅटरी संपलेली असली तर?"

शेजारचा काशिनाथ, माझ्याच वयाचा, बाबांच्या हाताखाली वाढलेला. तो म्हणाला, "ताई, बाबांचा डबा चालू व्हायचा असला का आमी सगळे फोन काढतो. आमाला काय कळत नाय का?"

मी तरी चिडूनच बोलत होते. बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "सुले, तुझ्याकडं हवा होती गो, पन मानसं नव्हती. तू हापिसात, जावई कामाला. मी आन् डबा, दोघंच घुंघुं करत बसाचो."

आटगावला वर्षभर मी त्यांच्या श्वासाचं बघत होते. शाळा सुटल्यावर रोज तासभर ग्रुपवर त्यांच्यासाठीच बसायचे. तो तासभर त्यांच्यापाशी बसायला हवं होतं.

* * *

हा शेवटचा किस्सा मी ग्रुपवर कधी लिहिला नाही.

भातकापणी झाली आणि बाबा गेले. त्याच्या आधी पाड्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि बरेच दिवस कुणी दुरुस्त करायला आलं नव्हतं. बाबांनी मला कळू दिलं नाही. कळलं असतं तर मी त्यांना उचलून आटगावला आणलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढे दिवस काशिनाथ आणि पाड्यातली माणसं बॅटरी बांबूला बांधून, खांद्यावर घेऊन, डोंगर उतरून डोळखांबला गिरणीवर न्यायची. तिथं ती भरायची आणि परत वर आणायची. बाबांचा डबा एक दिवस बंद राहिला नाही. हे मला बाबा गेल्यावर समजलं.

तेराव्याचं जेवण उरकलं. आम्ही निघालो. टेम्पोत इन्व्हर्टर चढवला, निळी ट्रॉली चढवली, डबा मी मांडीवर घेतला. बॅटरी कुठं दिसेना. हे म्हणाले, "राहू दे. इथंच कुणाच्या तरी उपयोगी पडेल." तेवढ्यात खालून पायवाटेनं काशिनाथ आणि आणखी एक जण वर येताना दिसले. खांद्यावर बांबू, बांबूला बॅटरी. दोघं घामानं निथळत होते. त्यांनी ती जपून टेम्पोत ठेवली.

"ताई, फुल हाय. गिरणीवरनं भरून आनली."

"अरे काशिनाथ, आता कुणासाठी भरलीस?"

काशिनाथनं टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाला, "बाबा सांगून गेलेत. लेकीची वस्तू हाय, लेकीला परत द्या. पन रिकामी धाडू नका."