डंपावरचे मोहाचे झाड

वामनरावांची आणि माझी पहिली भेट खाणीच्या बंद फाटकापाशी झाली. कंपनीचे दिवाळे निघाले होते, पंप आणि डंपर लिलावात गेले होते, माणसे पांगली होती. मी खाणीचा सर्वेअर; सगळे सोपवून देण्यापुरता मागे उरलो होतो. "मी मूल गावचा. मृदसंधारण खात्यातून रिटायर झालो. डंप पाहाचा होता," एवढीच ओळख त्यांनी दिली. डंप म्हणजे कोळशावरची माती आणि दगड उपसून रचलेला डोंगर. आमच्याकडे पाहुणे यायचे ते कोळसा पाहायला. डंप पाहायला आलेले हे पहिलेच गृहस्थ. मी मनातल्या मनात हसलो आणि फाटक उघडले.

या डंपाच्या पायथ्याशी गावचा तलाव आहे. दर पावसाळ्यात डंपाची माती वाहत जाऊन तलावात बसायची. शेवंताबाईंसारखी ढिवर कुटुंबे याच पाण्यात जाळे टाकून जगत आली. तलाव बुजला की त्यांना गाव सोडावे लागणार, हे सगळ्यांना दिसत होते. पण गाऱ्हाणे सांगायचे कोणाला? कोळसा निघत होता तोवर मालक होते. मातीला कोणीच वाली नव्हता.

वामनरावांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून डंपावर काम करायची परवानगी आणली. ग्रामसभेत उभे राहून त्यांनी शब्द दिला, "यंदा तलावात चिमूटभर माती येनार नाई." गाव कामाला लागले. आता आमचा मुलूख धानाचा. उतारावर पाणी दिसले की इथला माणूस धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालणारच. वामनराव तर धानवाल्याच्याच घरचे, आणि नोकरीही जन्मभर पाणी अडवण्याची. बघता बघता डंपाच्या अंगावर धुरे पडले, बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, तयार झाल्या. रोवणी तेवढी बाकी आहे, असेच वाटायचे. ही ओतलेली माती आहे, पाणी साचले तर आत मुरून कड सुटेल, असे मी त्यांना एकदा म्हणालो होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि काम चालू ठेवले.

मग पाऊस लागून बसला. बांध्या भरल्या, पाणी आत मुरले आणि डंपाची एक अख्खी कड घसरून तलावात गेली. माणूस-जनावर कोणी त्याखाली सापडले नाही, हे नशीब. पण तलावाचा एक कोपराच नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी वामनराव मूलहून पहिल्या गाडीने आले. डंपाकडे गेले नाहीत. थेट शेवंताबाईंच्या दारात गेले. मी सोबत होतो. बाईंनी बसा म्हटले नाही.

"तुमच्या भरवशावर जाळं सांधून ठेवलं होतं भाऊ. आता काय चिखल धरू?"

"चूक माझी हाये बाई. पावसाची नाई, गावाची बी नाई."

तेच त्यांनी भर ग्रामसभेत सांगितले. आणि वर म्हणाले, "सर्वेअरसाहेबानं मले सांगितलं होतं. मी आयकलं नाई. आता ते उतार मोजतीन, तसंच करू." तोवर गावात मी 'खाणीवाला' होतो, चहाच्या टपरीवरसुद्धा माझ्या शेजारी कोणी बसत नसे. त्या एका वाक्यानंतर लोक मला कामाचे विचारू लागले. खाण बंद पडल्यावर पुष्कळांनी माझी कीव केली होती. वामनरावांनी मला काम दिले आणि गावात जागा दिली. त्यांचे हे ऋण मी मुद्दाम इथे, सर्वांसमक्ष सांगतो आहे.

त्या दिवसापासून वामनरावांनी कोणालाच शब्द दिला नाही. काही विचारा, उत्तर एकच: "पाहू." धुरे फोडले. पाणी अडवायचे सोडून त्याला सावकाश खाली उतरायला दगडी नाल्यांची वाट करून दिली. आधी गवत, मग झाड, हा त्यांचा हट्ट. एका पुढाऱ्यांना वृक्षारोपण करून फोटो काढायचा होता. वामनरावांनी नम्रपणे त्यांच्या हाती गवताचे ठोंब दिले. तो फोटो काही कुठे छापून आला नाही.

पण नुसत्या मुरमात दोन-तीन वर्षे गवत धरेना. आमच्याकडे उन्हाळ्यात तलाव आटला की त्याचा गाळ काढून जो तो आपल्या बांधीत टाकतो. धानाला त्यासारखे खत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसभेत वामनरावांनी तो गाळ डंपासाठी मागितला. जो तो आपापल्या बांधीचे सांगू लागला. शेवटी शेवंताबाईच उठल्या. "आमच्या तलावात आली ना डंपाची माती? मंग जाऊ द्या वापस," म्हणाल्या, आणि पहिले टोपले त्यांनीच उचलले. त्यांच्या मागे सगळे गाव डंप चढले. वामनरावही चढले, डोक्यावर टोपले घेऊन. या वयात हे बरे नव्हे, असे सांगून पाहिले. पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हेत, हे मला आधीच ठाऊक होते.

त्या गाळात मारवेल गवताने मूळ धरले. यंदाच्या पावसाळ्यात डंपावरून उतरलेले पाणी पहिल्यांदाच निवळ होते. तलावात पुन्हा जाळ्याला मरळ मासळी लागली. ती पाहून मला रडू आले, हे सांगायला संकोच वाटत नाही.

गवत दाटले तेव्हा वामनरावांनी अखेर झाडाला परवानगी दिली. माथ्यावर त्यांच्याच हातून मोहाचे रोप लावले. शेवंताबाई ओंजळीने माती लोटत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हा फुलाले दहा-बारा साल तरी लागतीन भाऊ. पहिला मोह येचाले तुमालेच या लागन."

आम्ही सगळे 'पाहू' ऐकायच्या तयारीत होतो. वामनरावांनी रोपाभोवतीची माती तळव्याने दाबली.

"येतो बाई," ते म्हणाले.

वामनरावांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. इतक्या वर्षांनी त्यांनी पुन्हा शब्द दिला आहे. तो पाळता येईल एवढे आयुष्य आणि डंप चढायला धड गुडघे त्यांना मिळोत. टोपली आम्ही नेऊ.