औषध चढलं

रामीबाई दोन्ही हातांनी कापूस वेचायची. बाकीच्या बाया एका हातानं फांदी धरत आणि दुसऱ्यानं वेचत. ती फांदीला हातच लावत नसे. तीन बोटं बोंडात शिरायची, हलका पीळ बसायचा आणि सगळा कापूस एका खेपेत कमरेच्या ओटीत पडायचा. डागाळलेला, किडका कापूस, म्हणजे कवडी, ती बोंडातच सोडायची. नेरजवळच्या तांड्यावर लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली होती, "ही तोडत नाई. झाडच तिच्या हातात देते."

बोंडअळीची ती वर्षं. जो तो फवारत होता, पुन्हा पुन्हा फवारत होता. फवाऱ्याच्या विषाला सगळे औषधच म्हणायचे. रामीबाई विहिरीचं पाणी आणून पिंपात औषध कालवत होती. काठी सापडली नाही म्हणून कोपरापर्यंत हात घातला. उन्हं कलायच्या आत तोंडाला फेस आला, अंग घामानं निथळलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. नवरा रामधन आणि तिचा भाऊ भीमसिंग यांनी तिला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं.

दुसऱ्या दुपारी फेस थांबला होता. तोंड कोरडं पडलं होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. आणि तिचे दोन्ही हात हवेत काही तरी वेचत होते. पंखा फिरत होता, पांढऱ्या चादरी हलत होत्या, आणि त्या पांढऱ्यात रामीबाई सावकाश, न थकता वेचत होती. रामधनला डुलकी लागली. खाटांच्या दोन ओळींमधून त्याला पऱ्हाटीची, कपाशीची तासं दिसू लागली.

नर्स ममता दुसऱ्या नर्सला सांगत गेली, "हिला औषध चढलं आता."

भीमसिंग उठला. "ऐकलं ना? चढलं म्हनते. माह्या बापानंही जातानी असेच हात चालवले होते. माही बहीण हाये रामधन, मी तिले इथं परक्या खाटीवर मरू देनार नाई. ऑटो सांगतला म्या."

रामधन ममताच्या मागं गेला. "ताई, कोनतं औषध चढलं?"

ती थबकली, मग तिनं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! आमचं, सुईचं. फवाऱ्याचं उतरून राह्यलं, दादा."

"मंग हातायले काय झालं?"

ममता बाभुळगावची. तिनं दोन बोटांची टोकं समोरासमोर धरली, पण टेकवली नाहीत. "मेंदूतले तंतू असे असतात. मधात फट. केसाहून हजारपट बारीक. अलीकडच्या टोकात इवल्या पिशव्या असतात. निरोप आला का पिशवी फुटते, रस फट ओलांडते, अन् बरोब्बर समोर पलीकडची दारं असतात, त्याईले लागते."

"फट कायले ठेवली? चिकटवूनच द्याचं ना."

"मंग निरोप थांबला असता कुठं? फटीत एक झाडनारा असते. काम झालं का रस झाडून टाकते. फवाऱ्याच्या औषधानं त्याचेच हात बांधले. रस साचला, एकच निरोप दारावर धडका मारत राह्यला. म्हनून फेस, म्हनून घाम. आमच्या औषधानं ती दारं लावून घेतली. मेंदूतलीही लागली, म्हनून तिले नसलेलं दिसते."

"उघडतीन?"

"सुई कमी केली का उघडतीन. पन झाडनारा नवा व्हाले वेळ लागते. तोवर घरी नेली, तर साचलेला रस पुन्हा धडका मारन. जीव जाईन."

बाहेर ऑटोचा भोंगा वाजला. रामधन खाटेशी परतला.

"फट कोनं पाह्यली?" तिथूनच सगळं ऐकलेला भीमसिंग म्हणाला. "धर पायाकडून."

रामधननं धरलं नाही. तो तिचे हात बघत होता. हिवाळ्यात तो सरकी काढायच्या जिनात रुळाच्या फटीत कापूस घालायचा. तिथं हात कुठं थांबवायचा ते पक्कं कळावं लागतं. "बापूनं गोधडी मुठीत ओढली होती, दादा. हिची मूठ वळली का? पाह्य, हात गेला अन् मांगं आला. कवडी सोडली तिनं. जानारं मानूस निवडत नाई."

भीमसिंग वाकून पाहू लागला.

वेचलेलं ती कमरेकडे नेत होती. तिथं ओटी नव्हती. म्हणून हात चाचपायचा, भांबावायचा, सलाईनच्या नळीला हिसका बसायचा. रामधननं खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिच्या कमरेला बांधला आणि पुढून पिशवीसारखा उघडा धरला. हात आला, आत रिकामा झाला, पुन्हा निघाला. नळी हलायची थांबली.

"काही झालं तर?" भीमसिंगनं विचारलं.

"तर माह्यावर."

भोंगा पुन्हा वाजला. भीमसिंग दारापर्यंत गेला आणि ओरडला, "जाय बाबा तू! इथं वेचनी चालू हाये!"

मग तोही येऊन बसला आणि दुपट्ट्याचं दुसरं टोक धरलं. दोघं आळीपाळीनं धरत राहिले. हात भरून आले तरी कोणी टोक खाली पडू दिलं नाही.

सुई कमी होत गेली तशी रामीबाई निवत गेली. एका सकाळी तिनं डोळे उघडले. मान उचलेना, पण बोटं हलली. कमरेकडं बघून म्हणाली, "अवो, हा दुपट्टा कायले बांधला मले?"

"कापूस ठेवाले."

"कोनता कापूस?"

तिला काहीच आठवत नव्हतं. एवढी निगुतीनं केलेली वेचणी, आणि करणारीलाच ठाऊक नाही. रामधनला याचीच हळहळ वाटत राहिली.