यंदा माल धरायचा नाही

मी मुळातच उतावळी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या घरात तो मान माझा.

येडगावात आम्ही वीस गुंठे द्राक्षबाग लावली ती नव्वदीच्या मधल्या वर्षांत. माझे मालक, म्हणजे नवरा, तेव्हा भोसरीला कारखान्यात कामाला. गुरुवारची सुट्टी, तेवढाच दिवस घरी. बागेनं पहिला माल दिला की नोकरी सोडून कायमचं यायचं, असं ठरलं होतं. त्या एका बोलण्यावर मी दिवस काढत होते.

छाटणी झाली, पंधरा-वीस दिवसांत घड दिसायला लागले. मी हरखून गेले. अन् सोमवारी शेजारचे जुने बागाईतदार आले. खोड चिमटीत धरून म्हणाले, "वहिनी, खोडं लई बारीक हायेत. यंदा माल धरू नका. घड काढून टाका, नायतर येल खचून बाग बसंल."

"बसू द्या!" मी फाडकन म्हणाले. बिचारे चहा न घेताच गेले.

तीन दिवस कुणाला काही बोलले नाही.

गुरुवारी मालक आले ते थेट बागेत. घडाखाली तळहात धरून उभे राहिले, मग खिशातून राजीनाम्याचा कागद काढला. "उद्याच देतो सायबाला." एवढं हसू मी त्यांच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

बोलावं तर हा माणूस आणखी वर्षभर लांब. गप्प बसावं तर बाग जाणार.

"अहो, घड काढायचेत," शेवटी मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

"कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार हाय."

"तुमी घरी यावं म्हणून गप बसले!" मी ओरडलेच.

ते एका खोडाशी बसले, खोड चिमटीत धरून पाहिलं. म्हणाले, "नोकरी सोडून आलो आन बाग बसली, तर कुठल्या तोंडानं परत जाऊ गं?" मग कागद खिशात घातला, उठले आणि पहिला घड खुडला.

दुसरा मी खुडला. तोंडानं शिव्या चालूच होत्या. बागाईतदाराला, खोडांना, स्वतःला. संध्याकाळची एसटी गाठायची होती, त्यामुळे हात भराभर चालत होते. वर्षभर थांबायचं काम, पण तेही आम्ही घाईनंच उरकत होतो.

फाट्यावर एसटीत चढता चढता ते मागं वळले. "ऱ्हायलेल्या येलांच्या वळी उद्या काढ. आन माझ्यासाठी म्हणून एकपण घड ठेवू नको."

ठेवणारच होते मी.