आत्याची गाणी आणि माझा नवा ड्रायव्हर

हसाल तर हसा बापा, पण माझ्याएवढा शहाणा माणूस अख्ख्या आरमोरीत दुसरा सापडणार नाई!

माझी शेवंता आत्या चिमूरकडची. धानाच्या रोवण्याची गाणी तिच्यासारखी कोणी म्हणत नाई. ती दात काढायले आमच्याकडं आली होती. समोरचे चार, दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हटलं, दात आहेत तोवर गाणी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेऊ.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स. त्यात साउंड कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आधीच असते. चांगला चालत होता बिचारा, फक्त माइकात जराशी खरखर. तेवढ्यात इंटरनेटवर त्याच कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर दिसला. सुटं पॅकेज! मले राहवते का?

"मोबाईलवर घ्या ना," बायको म्हणाली.

"मोबाईलले काही दर्जा असते का?"

"मग आहे तो ड्रायव्हर काऊन बदलून राह्यले?"

"तुले नाई समजत!"

जुना बंद केला, नवा बसवला. स्पीकरमधून टुणटुण वाजलं. जमलं! आत्या पदर सावरून बसली आणि दीड तास गायली. मधेच विचारे, "येऊन राह्यला का रे आवाज?" पडद्यावरची आवाज दाखवणारी रेघ एकदम सरळ. मले वाटलं, पाहा, खरखरीचं नाव नाई!

"एक नंबर, आत्या!"

संपल्यावर ऐकायले बसलो. शांत. आवाज वाढवला. आणखी शांत! नव्या ड्रायव्हरनं स्पीकर धरला होता, माइक सोडून दिला होता.

"म्या गायलं नाई का रे?" आत्यानं विचारलं.

तिचा गळा बसला होता. पुन्हा गा म्हणायची हिंमत झाली नाई. सकाळी दात गेले. आता ओळीत 'स' आला की शिट्टी वाजते, अन् आत्या गाणं अर्ध्यात सोडून हसत बसते. मले काही हसू येत नाई.

त्याच दुपारी पॅकेज काढून टाकलं, जुना ड्रायव्हर चालू केला, माइकात बोलून पाहिलं. जराशी खरखर सोडली तर आवाज साफ! आत्याले ऐकवलं. माझाच आवाज: "हॅलो, हॅलो, येते का आवाज?"

आत्या तोंडाले रुमाल लावून म्हणाली, "हे जपून ठेव बापा. गाणी कोण्या गाढवानं घालवली, ते तरी लोकायले ऐकू येईन!"