बाप्तिस्म्याचं चर्च शोधायला निघाले त्या सकाळी

ये वं सुषमा, जवळ बस. माझी सख्खी भाची तू, नागपुरातच राहतेस, आणि आमच्याकडची जुनी चर्चं गाडीच्या काचेतून पाहून निघून जातेस! फोटो काढला की झालं का? आत जाऊन दोन मिनिटं टेकावं, मावशीकडे घोटभर चहा घ्यावा, तेही नाही. बरं, ऐक. मला जे सांगायचं आहे ते माझं मलाच अजून उमगलेलं नाही.

माझ्या लेकीच्या, आपल्या रेणूच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्या सकाळची गोष्ट. दवाखान्यात एकालाच थांबू देत होते, म्हणून जावई थांबले आणि मी निघाले तिच्या बाप्तिस्म्याच्या चर्चात. लेकरू संकटात असलं की जिथं त्याला देवासमोर नाव मिळालं तिथंच मेणबत्ती लावावी, अशी आमच्या घरची रीत. त्या खेड्यात मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. नव्या रस्त्यानं गाव मागच्या बाजूनं लागलं आणि समोरच घंटेच्या मनोऱ्याचं काळ्या दगडाचं चर्च दिसलं. ऑटोवाला म्हणाला, "आजी, हेच का? विचारू का कोणाले?" मी म्हटलं, "माह्या लेकीचा बाप्तिस्मा झाला गा इथं, मले काय विचारतं!"

आत गेले तर वेदीमागे नुसता लाकडी क्रूस. मरियामाता नाही, संत नाही, कोणीच नाही. मला वाटलं, रंगकामासाठी काढून ठेवलं असेल. बाकं पुसणाऱ्या बाईला विचारलं, "मूर्ती कुठं ठेवल्या वं?"

"कोणत्या मूर्ती? आमच्यात नसतात. तू त्या तिकडच्या चर्चची दिसते."

तेव्हा आठवलं. गावाला चर्चं दोन. एक आपलं कॅथलिकांचं, एक प्रोटेस्टंटांचं. ती म्हणाली, "तिकडं आज कुलूप हाय. तुमचे फादर रविवारीच येतात, अन् किल्लीवाला मास्तर लग्नाले गेला." मी तिथंच बाकावर बसले. तिकडे दवाखान्यात लेकीला ऑपरेशनला आत नेलं असेल, आणि मी इथं भलत्याच देवळात.

"काहून रडून राहिली वं? कोण बीमार हाय?"

सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातातली मेणबत्ती पाहिली आणि घरी जाऊन एका वाटीत तांदूळ घेऊन आली. "आमच्यात अशी लावत नाही. पण लाव. पास्टरले मी सांगीन काय सांगाचं ते."

वाटीत मेणबत्ती रोवली. मी जपमाळ काढली आणि ती शेजारी बसून मोठ्यानं, आपल्याच शब्दांत प्रार्थना करू लागली. रेणूचं नाव अशी घेत होती की जणू तिचीच पोर. तिच्या आवाजात माझ्या 'प्रणाम मारिये'च्या जपाचा पार गोंधळ उडाला. कितवा मणी, येशूच्या आयुष्यातलं कोणतं रहस्य, काही कळेना. शेवटी जपमाळ मांडीत ठेवली आणि नुसती ऐकत बसले. सकाळपासून मी देवाला एकसारखं काय काय करायचं ते सांगत होते. तिथं पहिल्यांदा गप्प झाले.

दुपारी जावयांचा फोन आला, "आई, झालं. बोलली ती." त्या बाईनं माझा हात धरला आणि मग दोघी रडलो.

आता सांग, माझं मागणं कुठं पोचलं? फादरांना विचारलं तर हसले. रेणूला विचारलं तर म्हणे, "मी त झोपली होती वं आई!" मला अजून कळत नाही. पण खरं सांगू, आता कळावं असा हट्टही राहिला नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि माझी पोर घरी आली.

उपकार मानायला मात्र दोन्हीकडे जायचं आहे, आणि माझ्या गुडघ्यांनी आता एकटीनं होत नाही. आपलं चर्च रविवारी उघडं असतं. त्या बाईनंही जेवायलाच बोलावलं आहे, तुलाही घेऊन ये म्हणाली. तर या रविवारी गाडी घेऊन ये वं बाई, वाट पाहते.