कुंपणाच्या अलीकडचं गवत

एकटी बाई गवत कापायचं मशीन विकत घ्यायला दुकानात गेली, तर दुकानदार तिला पहिला प्रश्न कोणता विचारतो, सांगता येईल तुम्हाला? जागा किती आहे, गवत कसलं आहे, उतार आहे का, यातलं काहीच नाही. तो विचारतो, "चालवणार कोण?"

कुंभिवलीजवळ, हायवेला लागून असलेल्या दुकानात मी उभी होते. बाहेर पाण्याच्या टाक्या, आत मोटारी आणि फवारणीचे पंप, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली मशीनं.

"मी चालवणार," मी म्हटलं.

"तसं नाय ताई. घरात जेन्ट्स कोण हाय?"

"मीच जेन्ट्स, मीच लेडीज. दाखवा."

तो हसला. "बरं, मग उचलून बघा. नाय उचललं तर टेबल फॅन दाखवतो, तो बी फिरतोच."

उचललं. खांद्याला पट्टा अडकवला आणि दुकानाबाहेरच्या खडीवर तशीच उभी राहिले, कारण मला ते मशीन हवंच होतं. माझ्या आईचं घरी परत येणं त्यावर अवलंबून होतं.

आमचं घर कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका गावाच्या अगदी टोकाला आहे. लहानपणी घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील रसायनीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे: नदीत सोडलेल्या पाण्यावर, रेशनवर, रस्त्यावर. आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, मी घड्या घालायचे. शाळेतल्या धड्यांआधी मी पत्रकं वाचायला शिकले, आणि अजूनही कुठलंही मत मनात आलं की ते ठळक अक्षरांतच येतं.

वडिलांचं शेवटचं मोठं पत्रक होतं, 'भातशेती विकू नका'. गावानं ते वाचलं, माना डोलावल्या, आणि शेती विकली. आम्ही विकली नाही. आता आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना प्लॉट आहेत. जाळीची कुंपणं, लोखंडी गेटं, गेटांना कुलपं. मालक मुंबई-ठाण्याचे, काही त्याहून लांबचे. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं दूरच्या आळीतून बोलवावी लागली, कारण शेजार उरलाच नव्हता.

गवत हा प्रश्न आमच्या गावाला पूर्वी नव्हता. बांधावरचं गवत म्हशींसाठी कापलं जायचं, उरलेलं गुरं चरायची. शेतं गेली, तशी गुरं गेली. जमीन मात्र पूर्वीसारखीच उगवत राहिली. भाद्रपदात प्लॉटांतलं गवत छातीला लागतं, आणि कुंपणाखालून आमच्या परसात शिरतं.

गेल्या वर्षी श्रावणात आई कपडे धुवायच्या दगडाकडे निघाली होती. बादली खाली ठेवली आणि तिच्या शेजारीच घोणस फुत्कारली. चावली नाही. पण आई तिथं किती वेळ न हलता उभी होती, ते तिचं तिलाच सांगता येत नाही. मी घरात होते, रेडिओ चालू होता, तिची हाक मला ऐकू आली नाही. त्या आठवड्यात ती बहिणीकडे बदलापूरला गेली, चौथ्या मजल्यावर. "आदी ते रान काढ," ती म्हणाली, "मग येते मी."

तेव्हापासून मी एकटी.

पहिल्यांदा मी जे केलं, ते आमच्या घरातलंच माणूस करू शकतं. मी पत्रक काढलं. 'शेजाऱ्यांनो, प्रत्येकानं वेगळं मशीन घेण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक घेऊ', अशी सुरुवात होती, आणि खाली सामायिक वापराचे नियम. खळ शिजवली आणि एका संध्याकाळी सगळ्या गेटांवर चिकटवून आले. दुसऱ्या दिवशी त्या प्लॉटांचा वॉचमन दारात. सगळ्या प्लॉटांना मिळून तो एकटाच आहे.

"ताई, गेटवर काय चिकटवू नका. मालक मला बोलतो."

"मालक आला होता?"

"नाय. क्यामेऱ्यात दिसतं त्याला."

"मग गवत नाही दिसत?"

"दिसतं की. आवडतं त्याला. ग्रीनरी बोलतो."

मी संतापले, आणि मग मला हसूही आलं. तोही हसला. चहा घे म्हटलं, तर म्हणाला, "क्यामेरा हाय," आणि गेला. माझी पत्रकं पावसानं धुऊन गेली. कुलपांसमोर भाषण करून आले होते मी.

म्हणून मग एकटीपुरतं मशीन. तत्त्वानं मला बॅटरीवालं घ्यायचं होतं. धूर नाही, आवाज कमी. पण आमच्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि बॅटरी बिघडली तर ती दुरुस्त करणारं आसपास कुणी नाही. वायरवालं मशीन ओल्या परसात नको. राहिली पेट्रोलवाली. त्यातलं एक जड, पण पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची भानगड नाही. दुसरं हलकं, धूर सोडणारं, ऑईल मिसळावं लागणारं. दुकानदाराला मी एकच विचारलं, बिघडलं तर कोण बघेल?

"हलकं घ्या," तो म्हणाला. "त्याचं इंजिन कर्जतचा कुठलाबी गॅरेजवाला खोलतो. जडवाल्याचा पार्ट मागवायला लागतो."

"इथंच चालू करून दाखवा."

"मी कशाला? तुमीच वढा दोरी."

तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. विश्वासाचं मशीन कुठलं, याचं माझं उत्तर आता एवढंच आहे: जे तुमच्या हातानं सुरू होतं आणि तुमच्या बाजारात दुरुस्त होतं. त्याच्याबरोबर दोन डोकी घेतली. वाढलेल्या जाड गवताला लोखंडी पातं, भिंतीकडेला आणि दगडांपाशी गरगर फिरून कापणारी नायलॉनची दोरी. आणि अंगणाच्या सपाट तुकड्यासाठी इंजिन नसलेलं, ढकलत न्यायचं छोटं मोवर. ते फक्त सपाटीवर आणि कोरड्या, आखूड गवतावर चालतं. उंच गवतात घातलं की तिथंच अडतं. आधी मशीन, मग मोवर, हा क्रम मी दोनदा चुकून शिकले.

सोबत आलेलं माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. आमच्या घरची सवय. त्यात ठळक अक्षरांत होतं, मशीन चालू असताना आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका. ही सूचना पाळण्यासाठी मला काहीच करावं लागत नव्हतं.

रोज सकाळी गमबूट, चष्मा, वडिलांचा जाड बाह्यांचा शर्ट. गवत पडत जायचं, हिरवा चिखल पायांवर उडायचा. एक खडा उडून खिडकीची काच फुटली. मशीन बंद केलं की कानात बराच वेळ गुणगुण राहायची, आणि ती विरली की शांतता आधीपेक्षा मोठी वाटायची. चहा एकाच कपाचा. हात इतके थरथरत असायचे की कप दोन्ही हातांनी धरायला लागायचा. संध्याकाळी आईला व्हिडिओवर परसू दाखवायचे.

"ही कसली बाळाची गाडी गं?" मोवर पाहून ती म्हणाली.

"गवत कापते ती."

"मला वाटलं, कुणाला सांगितलं नायस नि लगीन केलंस."

ती खूप हसली. मग म्हणाली, "दगडापाशी साफ केलंस का? दाखव." मी फोन घेऊन दगडापर्यंत गेले. तिनं तो बराच वेळ पाहिला. "येते नवरात्रात," म्हणाली.

आली. रिक्षातून उतरली, पिशवी हातात, आणि अंगणात उभी राहून चहूकडे बघितलं. जास्वंदीच्या बुंध्याशी, विहिरीच्या कडेला, दगडापाशी. एक काडी उंच नव्हती. तिनं दगडावर हात फिरवला. मला वाटलं, झालं. मी तिची पिशवी आत नेली, गादीवर नवी चादर घातली.

बाहेर आले तर ती कुंपणाशी उभी होती. पलीकडे गवत तिच्या डोक्याएवढं, वाऱ्यानं जाळीवर घासत होतं.

"तुझं परसू झक्कास हाय गं," ती म्हणाली. "पण ते जनावर तिथनंच येतं ना?"

मी मशीन आणलं, तिच्यासमोर सुरू केलं, जाळीच्या खालून दोरी पलीकडे घालायचा प्रयत्न केला. दोरी कुंपणाच्या तारेत अडकून तुटली. नवी भरली, तीही तुटली. पातं लावायची हिंमत नव्हती. तारेला लागलं असतं तर तुकडा कुणाच्या अंगात गेला असता. पलीकडून वॉचमन धावत आला. "ताई, मालक बघतो!" आईनं त्याला विचारलं, "तुला भ्या नाय वाटत रं, त्यात फिरायला?" तो म्हणाला, "वाटतं की आजी. पण सांगू कुणाला?"

आई दुपारी जेवली. दिवेलागणीच्या आधी तिनं रिक्षा बोलवायला सांगितली. तिनं मला दोष दिला नाही, आणि भांडायला कुणी समोर नसलं की माझ्यातली सगळी आग वाया जाते. गादीवरच्या नव्या चादरीला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

म्हणून हे तुमच्यासाठी, ज्यांची कर्जत-खालापूरकडे कुंपण घातलेली जागा आहे. पुन्हा पाऊस पडेल, गवत पुन्हा वाढेल. या आठवड्यात तुमच्या वॉचमनला फोन करा आणि शेजारच्या घराला लागून असलेली, निदान दोन माणसं चालतील एवढी पट्टी साफ करून घ्या. दरवर्षी पावसात दोनदा, आणि पाऊस सरल्यावर एकदा. गेटावर फोन नंबर लिहा. आणि जमलं तर स्वतः या, कुलूप काढा, कुंपणापाशी येऊन हाक मारा. मशीन मी देईन, ऑईल किती घालायचं तेही दाखवीन. आई अजून चौथ्या मजल्यावर आहे.