अप्पांच्या घड्याळातले ठोके

या सदरातले गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात 'वायरिंग तपासून घ्या' असा शेरा मारते. माझा पेशाच तसा आहे. म्हैसूरला हेब्बाळच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जी गोष्ट दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही, ती घडली असं मी धरतच नाही. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हणून माझा नवरा राघव समोर बसून दात काढतोय... काढू दे.

आधी घरातली माणसं सांगते. मी माहेरची नाशिककर. सासरचे लोक मराठीच, पण कित्येक पिढ्यांपासून इथले, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो, सासूबाईंना अम्मा. म्हैसूरच्याच विजयनगर भागात घर आहे. त्यांचं लग्न झाल्यापासून दर आषाढात दोघं जोडीनं चामुंडी बेट्टाच्या, म्हणजे देवीच्या डोंगराच्या, पायऱ्या चढायचे. अम्मांचे गुडघे गेले तसे अप्पा एकटे जायला लागले. आणि मग अप्पांचीच अँजिओप्लास्टी झाली.

तब्येत सुधारली, पण माणूस बसला तो बसलाच. गच्चीत खुर्ची टाकायची आणि लांबच्या बेट्टाकडे बघत राहायचं. पेपरची घडीसुद्धा मोडेनात. डॉक्टर म्हणाले, "चढा की! हळू चढा, ठोके एकशेवीसच्या वर जाऊ देऊ नका, बोलताना दम लागला तर थांबा." अम्मांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन निकाल दिला —

"बेडा म्हणजे बेडा, नको म्हणजे नको. डॉक्टर काय मागून ढकलायला येणार हैत?"

मी पळणारी बाई, दोन-चार हाफ मॅरेथॉन केलेली. म्हणजे हे खातं माझंच. म्हटलं, "अम्मा, मशीन लावू. ठोके वाढले की लगेच कळेल."

"मशीन खरं सांगतं?"

"अप्पांपेक्षा तरी खरं सांगेल."

हे त्यांना एकदम पटलं.

पहिल्यांदा नुसतं घड्याळ घेतलं, मागच्या हिरव्या दिव्यानं मनगटावर ठोके मोजतं ते. अप्पा ते बांगडीसारखं सैल घालायचे. पार्कात रमतगमत चालताना आकडा एकशेसाठ! अम्मांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. पळणाऱ्यांना हा घोळ माहीत असतो — घड्याळ सैल असलं की ते ठोके सोडून पावलंच मोजत बसतं. म्हणून मी तो हिरवा दिवा सेटिंगमधून बंद केला आणि छातीला बांधायचा पट्टा आणला. पट्ट्यावर दोन बटणांनी बसणारी एक डबी असते, बिस्किटाएवढी. ठोके पकडून घड्याळाला कळवते ती डबी. डबीशिवाय नुसता पट्टा म्हणजे परकराची नाडीच. आणि पट्टा कोरडा असला तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात, म्हणून तो आतून ओला करायचा. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधले सगळे सरळ जीभ लावतात. मी ते अप्पांना सांगितलं, आणि अप्पांनी ते अम्मांच्या डोळ्यांदेखत केलं.

"अय्यो देवरे! एंजलु! अहो री, उष्टं ते छातीला लावून देवीपुढे जाणार तुम्ही?"

अम्मांनी पट्टा हिसकावून नेला, शिकेकाईनं धुतला आणि दोरीवर टाकला. पुढे पाण्याचा हात लावायचा असं ठरलं. विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. अप्पांनी बनियनच्या आत पट्टा बांधला, वर शर्ट, वर स्वेटर. राघवनं आम्हाला पायथ्याशी सोडलं, तिथं मी घड्याळ बघितलं, आकडा अठ्ठ्याहत्तर. छान. राघव गाडी घेऊन वर गेला.

काय सांगू तुम्हाला... पहिल्या वळणावरच अप्पा बोलायला लागले! कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. इथं अम्मांची चप्पल तुटली होती, इथं माकडानं अम्मांची केळी पळवली होती. सगळ्या गोष्टी अम्मांच्याच. पायऱ्यांना हळद-कुंकू लावत एक बाई चढत होत्या, त्यांनाही त्यातल्या दोन सांगून झाल्या. आणि आकडा? ब्याऐंशी, ऐंशी, चौऱ्याऐंशी. चढावर हे जरा कमीच होतं, पण ठोके आवरणाऱ्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

वाटेतल्या मोठ्या दगडी नंदीच्या थोडं खाली अप्पा गप्प झाले. मी मनगटाकडे बघितलं तर आकडा चढत चाललेला — पंच्याण्णव, एकशेआठ, एकशेएकोणीस...

"अप्पा, बसा."

"मला काय झालंय?"

"बसा म्हणते ना!"

चिडून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दम लागला होता स्वल्प. बोललो असतो तर तू परत नेलं असतंस." दर्शनाआधी खायचं नाही म्हणून स्वारी नुसत्या कॉफीवर निघाली होती. मी पिशवीतलं केळं काढलं आणि दरडावून खायला लावलं. बराच वेळ बसलो. आकडा उतरला, चेहऱ्यावर रंग आला. नंदीजवळच्या माकडाला त्यांनी 'तुझ्या आज्जानं केळी चोरली होती' असं सुनावलं, तेव्हा मी म्हटलं, चला.

पोचलो! शेवटच्या पायरीवर अप्पांनी हात जोडले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग घरी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पोचलो गं," अप्पा म्हणाले.

आणि अप्पांच्या मनगटावर आकडा चौऱ्याऐंशीवरून थेट एकशेसव्वीस! अप्पा एका जागी उभे, डोळे पुसत हसतायत, श्वास अगदी संथ. मी घाईनं त्यांचं कोपर धरलं.

"आयतु, बरं झालं. खाली गाडीनं या," अम्मा म्हणाल्या आणि फोन ठेवला. आकडा हळूहळू खाली आला.

घरी आल्यावर अप्पांनी स्वेटर काढला, शर्ट काढला. पट्ट्यावर नुसती दोन उघडी बटणं.

"डबी कुठाय?" मी पट्टा उलटसुलट करून बघितला.

अम्मांनी ब्लाउजमध्ये हात घातला आणि डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती.

"इथंच हाय की. धुताना काढून देवापुढे ठेवली होती. तुम्ही गेल्यावर बघितलं."

"मग फोन नाही का करायचा, अम्मा?"

अम्मा हळूच म्हणाल्या, "केला असता तर तू ह्यांना परत आणलं असतंस. परत ती खुर्ची, परत ती गच्ची... नको वाटलं. ही उराशी धरली आणि जपाला बसले. मध्ये एकदा सुम्ने, उगाचच, जीव घाबरा झाला. उठून पाणी प्याले."

मी टेस्टर आहे, मी हे असंच सोडणार नव्हते. हिरवा दिवा तपासला, बंदच होता. घड्याळ दुसऱ्या कुणाची डबी पकडतं का ते पाहिलं. त्यात जोडलेली डबी एकच, आमची. पट्टा नसतानाही डबीची बटणं अंगाला टेकली तर आकडा येतो, हेही करून बघितलं. म्हणजे अम्मांच्या उराशी धरलेल्या डबीतून आकडा येणं समजू शकतं. पण या डबीचा पल्ला चार-सहा पावलांचा आणि बेट्टा आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! अम्मांना पुन्हा तशीच डबी घेऊन जपाला बसवलं आणि मी घड्याळ घालून बाहेर पडले. शेजाऱ्यांच्या फाटकाशी आकडा गेला. चारदा केलं, चारदा गेला. कंपनीच्या भाषेत हा बग 'पुन्हा घडत नाही' म्हणून बंद करायला हवा. मला तो बंद करवत नाही.

हल्ली अप्पा डबी नीट लावून बेट्टावर जातात, आकडे त्यांचे स्वतःचे येतात. त्या दिवसाचा आलेख मात्र मी फोनमध्ये जपून ठेवलाय. परवा अप्पांनी तो मोठा करून बघितला, शेवटच्या उडीवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, नुसतं पोचलो म्हटलं तर तुझं एवढं उडालं?"

"तेव्हा गॅसवर दूध उतू चाललं होतं, री!" आतून उत्तर आलं.

हे सगळं कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी तापवलेलं दूध सकाळच्या कॉफीतच संपलं होतं, आणि घरी आल्यावर कॉफीसाठी मी स्वतः फ्रीजमधून दुधाच्या पिशव्या काढल्या होत्या. एकही फोडलेली नव्हती.